खोट्या लाल माना

माझ्या बहिणीबद्दल आमच्या गावात, हन्शीर सालहात, काय काय बोलतात ते मला सगळं माहीत आहे. आईचा कुत्रा मारणारी. नवरा मिळाला नाही म्हणून कुत्र्यांच्या मागे फिरणारी. ट्यूनिसला गेली आणि डोकं गहाण ठेवून आली. बोलणाऱ्यांपैकी एकही जण माझ्या तोंडावर बोलत नाही. म्हणून मीच लिहितोय. मी नववीत शाळा सोडली, आठवडी बाजारांत जुने कपडे विकतो. मला नटवून लिहिता येत नाही, आणि इथे नटवण्यासारखं काही नाहीही.

जाझिया आमच्या भागाची जनावरांची डॉक्टर. मेंढ्या, गाढवं, शेळ्या. कुत्री तिच्या कामात नव्हतीच, कारण आमच्याकडे कुत्रा डॉक्टरकडे नेत नाहीत. कुत्रा दारात असतो, भुंकतो, उरलेलं खातो, आणि कोणाचा आहे विचारलं तर सगळे म्हणतात, "आमच्या गल्लीचा."

मग तेलाच्या घाण्यामागच्या घरातली एक मुलगी पिसाळलेला कुत्रा चावून मेली. चावा एवढासा होता. घरच्यांनी लसूण चोळला आणि विसरले. ती मेल्यावर नगराध्यक्ष सी लमीनने, सी म्हणजे आमच्याकडे साहेब, शिकाऱ्यांना बोलावलं. सकाळी सकाळी बंदुका घेऊन आले आणि गल्ल्यांतून फिरले. पहिली कोण मेली सांगू? हाक मारली की शेपटी हलवत येतात ती. जी खरंच वेडीपिशी, माणसाला बिचकणारी, ती नाल्यात पळून गेली आणि संध्याकाळी परत आली.

पुढच्या थंडीत पुन्हा एक कुत्रा पिसाळला. जाझिया सी लमीनच्या ऑफिसात गेली. मी तिला सोडायला गेलो होतो, म्हणून दारातच होतो.

"सी लमीन, एवढी कुत्री मारलीत. काय झालं?"

"कमी मारली," तो म्हणाला आणि चहा प्यायला.

 दुसऱ्या दिवशी तिने ट्यूनिसच्या एका संस्थेत अर्ज टाकला. रोग कसा पसरतो आणि कसा थांबतो हे गणिताने मांडायचं शिकवतात तिथे. सगळी थंडी ती दर आठवड्याला शेअर टॅक्सीत कोंबून घेऊन तिकडे गेली. शिकायला सोबत कोण, तर इंजिनिअर, आकडेशास्त्राची पोरं, मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर. ही शेणाचे बूट घातलेली.

शिकवणारा प्राध्यापक शाकिर. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली. त्याने पेपर सगळ्यांसमोर परत दिला आणि म्हणाला, "मादाम, मेंढीला इंजेक्शन द्यायला समीकरण लागत नाही. उगाच का छळताय स्वतःला?"

वर्ग हसला. तिने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मी येतो उद्या. त्याचा पत्ता दे."

"गप बस, नौफल. कपडे विक तुझे."

आणि ती शिकली. कशी शिकली ते मी पाहिलंय, कारण आमच्या स्वयंपाकघरातच शिकली. उम्मीची, म्हणजे आमच्या आईची, कुसकुस चाळायची मोठी लाकडी परात घ्यायची. त्यात सुके काबुली चणे पसरायचे, ही साधी कुत्री. लाल मिरचीचे तुकडे म्हणजे पिसाळलेली. ऑलिव्हच्या बिया म्हणजे लस दिलेली. मग परात हलवायची. मिरची ज्या चण्याला टेकली तो चणा काढून तिथे मिरची ठेवायची, जुनी मिरची फेकून द्यायची, कारण पिसाळलेला कुत्रा थोड्या दिवसांत मरतोच. बी मधे आली की मिरची अडते.

"अन्नाची नासाडी," उम्मी ओरडायची. "एवढी शिकून आता चण्यांशी खेळतेय. शेजारी बघतायत."

"उम्मी, इकडे ये. हे बघ. एक मिरची मरायच्या आधी एकापेक्षा जास्त चणे लाल करत असेल तर आग वाढत जाते. एकापेक्षा कमी करत असेल तर आपोआप विझते. सगळं एवढंच आहे."

"मग मिरच्या उचलून टाक ना."

"दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो."

"मग चणे उचलून टाक."

जाझियाने मूठभर चणे उचलले. परात विरळ झाली. मग पिशवीतून नवे चणे घेतले आणि तेवढेच परत टाकले. "हे बघ. उकिरडा तेवढाच, खाटकाच्या दारातली हाडं तेवढीच. जागा रिकामी झाली की पुढच्या वर्षी पिल्लं जगतात, शेजारच्या गावाची येतात. आणि उचलताना माझ्या हाताला काय लागलं? हे बघ, तीन बियापण आल्या. लस दिलेलीपण मेली. सी लमीन हेच करतो."

उम्मीने तिच्या हातातून चणे काढून घेतले, धुतले आणि भिजत टाकले. पण दुसऱ्या दिवशी खालती जन्नात, म्हणजे आमची शेजारीण, खालती म्हणजे मावशी, आली तेव्हा उम्मी तिला तेच सांगत होती. "बंदुकीने काही होत नाही गं. पिल्लं येतात परत." जणू तिनेच शोधून काढलंय.

तेव्हा आमच्या घरी एक कुत्रा होता. नाव सर्दूक. सर्दूक म्हणजे कोंबडा. पिल्लू असताना खुराड्यात कोंबड्यांबरोबर झोपायचा म्हणून. अब्बा गेल्यानंतर उम्मीने त्याला आणला. आमच्याशी बोलायची त्यापेक्षा जास्त ती त्याच्याशी बोलायची. हे ध्यानात ठेवा.

वसंतात जाझिया सी लमीनसमोर उभी राहिली. एक वर्ष बंदुका नकोत. सरकारी लस आहे, मी टोचते. दहातल्या सात कुत्र्यांना टोचली की पिल्लं धरूनही आग विझते.

सी लमीन मोठ्याने हसला. "आणि नाही विझली तर?"

"ऑलिव्ह तोडणी सुरू होईपर्यंत बघा. तोवर थांबलं नाही तर मी स्वतः लिहून देईन की बंदुका आणा."

"आत्ता लिहून दे."

तिने आत्ता लिहून दिलं. मी तिथे असतो तर तिचा हात धरला असता. आता गोळ्या थांबणार की नाही हे त्या एका सहीवर अडकलं.

लस दिलेला कुत्रा ओळखायचा कसा? जाझियाच्या सरकारी ऑफिसात पट्टे नव्हते. मग जाझियाने उम्मीला मागावर लाल लोकरीच्या पट्ट्या विणायला सांगितल्या. आमच्याकडे ईदच्या मेंढ्याच्या गळ्यात लाल लोकर बांधतातच, नवरीच्या मनगटालाही. लाल लोकर म्हणजे याला हात लावायचा नाही, हे लहान पोरालाही कळतं. बाजाराच्या मैदानात टेबल मांडलं. या, सुई घ्या, गळ्यात लाल पट्टी बांधून घ्या. उद्या बंदुका आल्याच तरी शिकाऱ्यांना ताकीद, लाल मान दिसली तर गोळी नाही.

मग तिने मोजणी केली. माझ्या पिकअपमध्ये मागे कपड्यांची गाठोडी, पुढे ती, आणि मी गल्ल्यागल्ल्यांतून हळू गाडी चालवतोय. लाल मान, लाल मान, उघडी मान, लाल मान. दहातल्या आठ लाल. ती गाडीत नाचायचीच बाकी राहिली होती. लस किती गेली ते तिला माहीत होतं. गावात कुत्री किती, ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या लाल मानांवरून तिने ते काढलं. एवढी लस गेली आणि दहातल्या आठ माना लाल, म्हणजे एकूण कुत्री फारशी नाहीतच.

सी लमीनला सांगितलं तर म्हणतो, "बघ. माझ्या बंदुकांनी कमी केली होती म्हणून तुझं सोपं झालं."

आणि उन्हाळ्यात कुत्री पिसाळायला लागली.

एक खळ्यावर. एक शाळेच्या भिंतीजवळ. मग आणखी एक. प्रत्येक वेळी डोकं कापून बर्फाच्या डब्यात ठेवून ट्यूनिसच्या प्रयोगशाळेत न्यायला लागतं. ते कोण नेणार? ऑफिसची गाडी कायम बिघडलेली. मी नेली. कपड्यांच्या गाठोड्यांवर कुत्र्याचं डोकं. बाजारात पोरं ओरडायची, "नौफल, ही टोपी कोणाच्या डोक्यावरची रे?" एकाचे दात मी जवळजवळ पाडलेच होते. निकाल दर वेळी तोच. होय, पिसाळलेला.

सी लमीन रस्त्यात भेटला की आभाळाकडे बघून म्हणायचा, "ऑलिव्ह यंदा लवकर पिकतील असं वाटतंय."

जाझियाने प्राध्यापक शाकिरला फोन केला. फोन टेबलावर ठेवला होता, मला सगळं ऐकू आलं.

"तुमचं मॉडेल वास्तवाशी जुळत नाही ना? सोपं आहे," तो म्हणाला. "एक कुत्रा किती कुत्र्यांना चावतो तो आकडा वाढवा. थोडा थोडा वाढवत जा. आलेखावरची रेषा जुळेल."

"पण तो आकडा मी मोजलाय. प्रत्येक पिसाळलेल्या कुत्र्याच्या मागे फिरलेय मी, सर. घरोघर विचारलंय. बहुतेक एकाला चावतो, कधी दोघांना, कधी कोणालाच नाही."

"मादाम, तुम्ही गल्लीत फिरताय. मी रेषा जुळवायला सांगतोय."

"म्हणजे खोटं लिहायला."

फोन बंद झाला. त्यानेच केला.

तिने वही पुढे ओढली. मी म्हटलं, "सोड ना. दुसरं काहीतरी कर. तुला कोणी सांगितलंय?"

"गप. ऐक. चावे मी मोजले, ते खरे. मेलेली कुत्री खरी, तूच डोकी नेलीस. गणित मी चार वेळा तपासलं. मग खोटं काय उरलं?"

मला काय माहीत?

तिने गणित उलटं चालवलं. एवढी कुत्री पिसाळायला किती कुत्री बिनलशीची असायला हवीत? उत्तर आलं, दहातली सात तरी. म्हणजे लस दहातल्या तिघांनाच आहे. मग गावात कुत्री आहेत तिला वाटली त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि लाल मानांतल्या निम्म्याहून जास्त माना खोट्या.

"नौफल," ती म्हणाली, "माना खोटं बोलतायत."

बाहेर अंगणात उम्मी धान्य निवडत बसली होती. तिच्या पायाशी सर्दूक झोपलेला. गळ्यात लाल पट्टी. जाझिया दारात उभी राहिली. तिचं तोंड बघून मी उठलो.

"उम्मी, सर्दूकला सुई कधी दिली?"

"बाजाराच्या दिवशी."

"माझ्या टेबलावर तर नाही आला."

"तू गर्दीत होतीस. तुझ्या ऑफिसातल्या त्या माणसाने दिली."

"आणि नेला कोणी? दोरी लावली की हा हात तोडतो. खाटकाच्या गल्लीतली कुत्री याला पुढे जाऊ देत नाहीत. कोणी नेला, उम्मी?"

उम्मी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "मी नाही नेला."

"तू गप रे!" उम्मी माझ्यावर ओरडली. मग खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मी बांधली पट्टी. गोळी घालू नये म्हणून. तुलाच हवं होतं ना गोळी नको?"

"आणखी कोणाला दिल्यास?"

"बायका आल्या. काय सांगू त्यांना, जा, तुमचा कुत्रा मरू दे? बाजाराच्या मैदानात सगळे पुरुष. तिथे जन्नातने ओरडणारा कुत्रा ओढत न्यायचा? आणि सुई दिली की कुत्रा मऊ पडतो म्हणतात, चोरावर भुंकत नाही. लोकर माझी, माग माझा. बांधल्या!"

"किती जणींना?"

"आल्या त्यांना."

जाझिया खाली बसली. मला वाटलं आता ती ओरडणार.  तिने सर्दूकची मान वळवली आणि कानामागचे केस बाजूला केले. तिथे वाळलेली जखम होती.

घाण्यामागचा पिवळा कुत्रा. मागच्या आठवड्यात सर्दूक त्याच्याशी भांडला होता. त्या पिवळ्याचं डोकं मीच ट्यूनिसला नेलं होतं. होय, पिसाळलेला.

उम्मीलाही कळलं. "त्याला काही झालं नाही," ती म्हणाली. "जेवतोय नीट. बघ, नाक ओलं आहे."

"उम्मी."

"आता दे सुई. आता दे ना!"

"आता उपयोग नाही. अंगणाला भिंत नाही, शेजारी जन्नातची नातवंडं रांगतात."

"मी बांधून ठेवीन. घरात ठेवीन माझ्या खोलीत. जाझिया, तू माझी मुलगी आहेस ना?"

सकाळी जाझियाने ते स्वतः केलं. ऑफिसातल्या माणसाला बोलावलं नाही, मलाही धरू दिलं नाही. हातात जाड मोजे, त्याचं तोंड घट्ट धरलेलं. सर्दूकने तिच्या हाताखाली शेपटी हलवली. उम्मीने खोलीचं दार आतून लावून घेतलं होतं. जाझियाने लाल पट्टी सोडली, साबणाने धुतली, खिशात घातली आणि मला म्हणाली, "गाडी काढ. आज नगरपालिकेत बैठक आहे."

तोडणी तोंडावर आली होती, हॉल भरलेला. शिकारी पुढच्या रांगेत, बंदुका नाहीत पण ऐट तीच. सी लमीन टेबलामागे, समोर जाझियाची वसंतातली सही. तो वाचायला लागला तोच जाझियाने ती ओली पट्टी त्याच्या टेबलावर टाकली.

"हे काय?"

"हे खोटं बोललं. माझ्या मोजणीत निम्म्याहून जास्त माना अशा आहेत. लोकर आहे, लस नाही."

"कुठून आल्या?"

"माझ्या घरातून. माझ्या आईच्या मागावरून. आमच्या कुत्र्यापासून सुरुवात केलीय. आज सकाळी मारला."

हॉलमध्ये हशा पिकला. कोणीतरी मागून ओरडलं, "डॉक्टरीणबाई, घरच आवरत नाही आणि गाव आवरायला निघालात?" मी मागे वळलो. कोण ते दिसलं नाही. दिसलं असतं तर बरं झालं असतं.

सी लमीन खूश होता. "म्हणजे तुझं गणित चुकलं हे कबूल."

"गणितानेच सांगितलं की माना खोट्या आहेत. मोजणी चुकली. मोजणी माझी, चूक माझी."

"ठीक. बंदुका उद्यापासून."

"कोणावर चालवणार?"

"उघड्या मानांवर. ठरलंय तसं."

"मग खोट्या माना सुटल्या. बिनलशीची सगळी जिवंत, फिरतायत, चावतायत."

"मग लाल-बिल काही नाही. दिसेल तो कुत्रा."

जाझिया टेबलाशी वाकली. मग हळू आवाजात विचारलं, "सी लमीन, तुमच्या सलूकीला सुई कोणी दिली?"

सलूकी म्हणजे सी लमीनचा शिकारी कुत्रा, बारीक कमरेचा, तांबूस. त्या कुत्र्याला तो आपल्या पोरांपेक्षा जपतो, अख्ख्या गावाला माहीत आहे.

"माझ्या बायकोने करून घेतलं. लाल पट्टी आहे त्याला."

"कोणत्या टेबलावर? माझ्याकडे एकही सलूकी आला नाही. मला आठवला असता."

तो खुर्चीतून उठला. मग खिशातून फोन काढला. सगळा हॉल ऐकत होता.

"हॅलो. कुत्र्याला सुई कोणी दिली? ... मी विचारतोय ते सांग. ... मबरूकाकडून? ... मग आधी का नाही सांगितलंस? ... रडू नको. दार लाव. त्याला आत घे आणि दार लाव!"

मबरूका म्हणजे आमची आई.

पहिल्या रांगेतला एक शिकारी उठून भिंतीकडे गेला आणि फोन लावला. मग दुसरा. मग मागे सगळीकडे तेच. "सुई दिली का नाही? खरं सांग. ... तुझ्या आईशप्पथ सांग." एका म्हाताऱ्याला फोन लावता येईना, तो शेजाऱ्याला म्हणत होता, "माझ्या सुनेला विचार, माझ्या सुनेला." मी इतका हसलो की मला बाहेर काढलं. आत पुढे काय झालं ते जाझियाने गाडीत सांगितलं. बंदुका थांबल्या. तोडणी संपेपर्यंत. गणित पटलं म्हणून नाही, सलूकीसाठी.

त्यानंतर बाजारात टेबल मांडलं नाही. आम्ही घरोघर गेलो. जाझिया, ऑफिसातली एक बाई आणि मी, कुत्रा धरायला. माझ्या हातावरच्या खुणा बघायच्या असतील तर दाखवतो. मेंढपाळांकडे उजाडताना, कळप निघायच्या आधी. पहिल्या सहा घरांनी दारच उघडलं नाही. खालती जन्नातने आतून शिव्या दिल्या. "आईला रडवणारी माझ्या दारात नको!" एका पोराने दगड मारला. मी त्याच्या मागे धावलो, जाझियाने मला कॉलर धरून परत आणलं.

मग हळूहळू दारं उघडली. प्रेमाने नाही. बायका कुत्रा पुढे ढकलायच्या आणि कुजबुजायच्या, "दे टोचू. हिने स्वतःच्या आईचा सोडला नाही, तुझा काय सोडेल?" चालेल. भीतीने आले तरी सुई तीच. लाल पट्ट्या जाझिया कात्रीने कापायची, आणि या वेळी खूण म्हणून कानात पितळी बिल्ला, जो चिमट्याने तीच लावायची. तो चिमटा ती झोपतानाही उशाशी ठेवायची. पिल्लंसुद्धा सोडली नाहीत. आधी तीन महिन्यांखालचं पिल्लू परत पाठवायचे. तिच्या गणितात तीच तर नवे चणे होती.

थंडीत एक डोकं नेलं. नंतर नाही. वसंत आला तरी नाही. आता गावात म्हणतात सी लमीनने कडक पावलं उचलली म्हणून रोग गेला. प्राध्यापक शाकिरने फोन करून तिची रेषा मागितली, कुठल्यातरी परिषदेत दाखवायला. तिने दिली. मी असतो तर दिली नसती. "रेषा बरोबर आहे ना, मग कोणीही दाखवू दे," म्हणाली. असली ती.

उम्मी तिच्याशी बोलत नव्हती. जेवण ताटात वाढायची, ताट सरकवायची, संपलं. माग तिने कापड टाकून झाकून ठेवला होता. सगळी थंडी आमच्या घरात बोलणारा मी एकटाच होतो, आणि मी घरी असतो किती.

वसंतातली दुसरी फेरी आमच्या गल्लीत आली तेव्हा जाझियाने स्टूल आमच्याच दारात ठेवलं. खालती जन्नात कुत्रा घेऊन आली, तोंड वाकडं करून गेली. मग घरातून उम्मी बाहेर आली. ओढणीच्या आत काहीतरी हलत होतं. करड्या रंगाचं पिल्लू, डोळे नुकते उघडल्यासारखे. कुठून आणलं, कधी आणलं, मला माहीत नाही. आणि मी त्याच घरात राहतो.

ती जाझियासमोर उभी राहिली. पहिल्यांदा बोलली.

"लहान आहे म्हणून परत पाठवू नकोस."

"नाही पाठवत," जाझिया म्हणाली.  "नाव काय ठेवलंस?"

"नाव नाही ठेवलं. नाव ठेवलं की तू मारतेस."

मी तोंड उघडणार होतो. जाझियाने माझ्याकडे पाहिलं, मी मिटलं. तिने सुई भरली.

"नीट धर, उम्मी. मानेची कातडी वर ओढ."

उम्मीने धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट.